खालच्या अंगाचा गहू

प्रिय रायचो,

तुझी गिन्का सांगत होती की वार्नाच्या इस्पितळात तुझ्या खाटेवरून समुद्र दिसतो. मला हसू आलं. आई-बाबांनी आपल्याला पहिल्यांदा समुद्रावर नेलं तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि पाण्याकडे बघून म्हणाला होतास, "एवढी सपाट जागा, आणि पेरायला काहीच नाही!" आता पाच आठवडे तेच बघत पडला आहेस. छातीचे टाके सुकले, ताप उतरला, जेवण जातं, फक्त बिनमिठाचं सूप बघून नर्सबाईंवर ओरडतोस, हे सगळं माझ्यापर्यंत पोचतं. ओरडतोस हे ऐकून मला फार बरं वाटलं. ऑपरेशनच्या दिवशी मी दोब्रिचहून बसनं आले होते आणि खाली दाराशी तीन तास बाकावर बसून होते. वर आले नाही. गिन्कालाही सांगू दिलं नाही. आता मीच सांगते.

पाकिटावरचं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. सहा वर्षांत आपण एकमेकांशी धड बोललेलो नाही. जे काही बोलणं झालं ते गिन्काच्या तोंडून. "ते म्हणतात, मोटारीच्या बॅटरीचं बघा," आणि "रायचोला सांग, बघितलं." आईच्या स्मरणदिनाला तू टेबलावरून उठलास, उकडलेल्या गव्हाची वाटी न खाता ठेवलीस आणि पाद्रीबाबांसकट सगळ्यांसमोर म्हणालास, "ताई, तुझं शास्त्र तुझ्या फडताळात ठेव. माझ्या शेतात पाय ठेवू नकोस." मी ठेवला नाही. तुझ्या शेताला लागून असलेल्या रस्त्यानं जायची वेळ आली तर मी वळसा घालून गेले आहे. तुझा ट्रॅक्टरवाला साबरी एकदा ट्रॅक्टर थांबवून म्हणाला होता, "नेद्याल्काबाई, दोन किलोमीटरचा फेरा मारताय, गुडघे कुणाचे, सरकारचे का?" 

गावात सगळं ठीक आहे. म्हणजे वरवर ठीक आहे. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा चालू आहे आणि आमच्या कुंपणावरचे गुलाब अजून फुलताहेत. गिन्कानं मिरच्या भाजून बेचाळीस बरण्या भरल्या, त्यातली एक तुझ्यासाठी लपवून आणायचा तिचा बेत मी हाणून पाडला आहे. शेजारच्या वल्कोची बदकं तुमच्या आवारात येऊन बसतात आणि तो त्यांना शोधायच्या निमित्तानं तुझी चौकशी करून जातो. लोक म्हणतात, असा शरद ऋतू कित्येक वर्षांत बघितला नाही, जळण वाचलं. मी मान डोलावते आणि घरी येऊन थर्मामीटर बघते. अठरा. सतरा. परवा दुपारी एकोणीस. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले तरी सव्वीस वर्षांची खोड जात नाही. संशोधन केंद्रातल्या त्या एका वाफ्यात दर साली गव्हावर गहू पेरायचा आणि दर साली मी गुडघ्यावर बसून त्यातले किडे मोजायचे, हेच माझं आयुष्य होतं. थंडी पडली नाही की जमिनीखाली कोण जागं राहतं, ते मला माहीत आहे.

आणि तुलाही माहीत आहे. कापणीच्या दिवसांत संध्याकाळी बाबा सहकारी शेतीचं हार्वेस्टर थांबवून जेवायला बसायचे, तेव्हा आपण ओंब्यांवर चढणारे काळे भुंगेरे पकडायचो, आठवतं? हात लावायच्या आत पळायचे म्हणून आपण त्यांना पळ्ये म्हणायचो. तू काड्यापेटीत भरायचास आणि एकदा माझ्या उशीखाली ती पेटी रिकामी केलीस. मी घर डोक्यावर घेतलं. मग बाबांनी मला तो भुंगेरा दिव्याखाली धरून दाखवला आणि म्हणाले, "याला भिऊ नकोस, हा नुसता दाणे खातो. याची पोरं जास्त वाईट, ती जमिनीतून येतात." मी किड्यांच्या अभ्यासाला गेले ती त्या दिवसापासून, असं मी मुलाखतीत सांगितलं होतं. तू ते वर्तमानपत्रात वाचून गावभर सांगत फिरलास की ताईला शास्त्रज्ञ मी केलं. तेव्हा आपण बोलत होतो.

आता मुद्द्याचं. आज पंधरा दिवस झाले, गिन्का सकाळी सकाळी माझ्या दारात आली. हातात दह्याचा रिकामा डबा, त्यात मातीसकट उपटलेला गहू. तुझ्या चारशे डेकारांतला, म्हणजे सगळ्या चाळीस हेक्टरांतला. इस्पितळात जायच्या चार दिवस आधी तू घाईघाईनं पेरून गेलास तो. म्हणाली, "ताई, हे काय आहे ते सांगा. आणि त्यांना कळू द्यायचं नाही. डॉक्टर म्हणालेत, जरासुद्धा धक्का नको." मी डबा उजेडात धरून बघितला. पानं अर्धी मातीत ओढून घेतलेली, चावून चावून चोथा झालेला, हिरव्या दोऱ्यांची गुंतवळ राहावी तसा. पळ्याची अळी असं खाते, दुसरं कुणी नाही. गिन्का माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "बघायला लागेल." ती म्हणाली, "मग बघा." मी म्हटलं, "तो मला पाय ठेवू देत नाही." तर तुझी बायको, जी एरवी माझ्यासमोर आवाज चढवत नाही, म्हणाली, "ते कुठं आहेत आत्ता? शेत माझंही आहे. चला."

तर मी पाय ठेवला, रायचो. तुझ्या परवानगीशिवाय.

मी तुला दोष देत नाही हे आधीच लिहून ठेवते. हे सलग सहावं वर्ष, गव्हावर गहू. लोक हसतात, पण मला माहीत आहे की दोन वर्षं सूर्यफूल उन्हानं जळलं, मका कणीस धरायच्या आत वाळला, आणि या दुष्काळी भागात गहूच तेवढा हाताशी येतो. आमच्या वाफ्यातही हेच दिसायचं. पहिली दोन वर्षं पीक बरं येतं, मग उतरायला लागतं, चौथ्या-पाचव्या वर्षी तळ गाठतं आणि त्यानंतर थोडं सावरून तिथेच रेंगाळतं. तुझंही तसंच झालं. डेकारी सहाशे वीस किलोवरून चारशे दहावर आलास आणि गेल्या साली चारशे साठ. गिन्का म्हणते, तू तो आकडा दाराच्या चौकटीवर खडूनं लिहून ठेवला आहेस. तो सावरलेला आकडा बघून तू बीजप्रक्रिया न करता पेरलंस, कारण तुझा जीव घाबरा होत होता आणि पेरणी उरकून इस्पितळ गाठायचं होतं. मी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं. तसं मी केलंही आहे, घाईत अर्धवट काम. त्याच्याकडे येतेच.

पहिल्या दिवशी मी खालच्या अंगाला, ओघळीच्या बाजूला खणलं. जूनमधल्या गारपिटीनं तिथल्या ओंब्या झोडपल्या होत्या. सांडलेले दाणे ऑगस्टमध्ये उगवून आले, काडाचे ढीग तसेच पडून राहिले, आणि भुंगेऱ्यांना याहून चांगलं घर कुठं मिळणार? हातभर लांब-रुंद खड्डा घ्यायचा, माती बोटांनी फोडत जायचं. पहिल्या खड्ड्यात चौदा अळ्या. दुसऱ्यात बारा. तिसऱ्यात सतरा.  साबरी फावडं घेऊन मागे उभा होता. तो म्हणाला, "पुरे झालं ना? कळलं की." मी म्हटलं, "नाही, पुरे नाही झालं." त्यानं फावडं टेकवलं. मग हळूच म्हणाला, "गेल्या खेपेला पुरे झालं होतं."

हे वाचताना तू उठून बसला असशील तर आधी पाठीला उशी लाव.

सात वर्षांपूर्वीचा तो शनिवार मी रोज आठवते. तू केंद्रात येऊन गेला होतास, टोपी हातात धरून, माझ्या साहेबांसमोर मला "नेद्याल्काबाई" म्हणत. गव्हाची पानं कुरतडलेली दिसतात, एकदा येऊन बघ म्हणालास. मी म्हटलं शनिवारी येते. शनिवारी रात्री मला सोफियाची गाडी पकडायची होती. रविवारी परिषद होती, माझं भाषण होतं, आणि ते भाषण कशावर होतं माहीत आहे? गव्हावर गहू घेणाऱ्या शेतात अळ्या मोजायच्या कशा, यावर. पाऊस भुरभुरत होता. माझ्या पायात शहरात घालायचे बूट होते. शेतात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं चालत जाऊन निदान दहा खड्डे घ्यायचे असतात, हे मी वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवत आले होते. मी रस्त्याच्या कडेनं, खालच्याच अंगाला, दोन खड्डे घेतले. एकात अकरा निघाल्या, दुसऱ्यात नऊ. वर चढून गेले नाही. चिखल होता. घड्याळ बघितलं, आणि तू गाडीशी उभा होतास तिथं येऊन मी म्हटलं, "रायचो, यात काही राहणार नाही. नांगरून टाक. वसंतात मका घे."

तू एकच प्रश्न विचारलास. "किती खड्डे घेतलेस?"

मी म्हटलं, "दहा."

एवढं मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही, ती जाईपर्यंत. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. साबरीनं चारशेच्या चारशे डेकार गहू नांगरून टाकला, तू बांधावर उभा राहून बघत होतास. पुढच्या उन्हाळ्यात मका जळाला. आणि शेजारी वल्को, ज्यानं गव्हावर गहू पेरून नांगराला हातही लावला नाही, त्याला डेकारी पाचशे किलो झाला. तुझ्या शेताचं वरचं अंग त्याच्या शेतासारखंच होतं. तिथं अळी नव्हतीच, असली तरी नावापुरती. मला ते जुलैमध्ये वल्कोचं पीक बघितलं तेव्हाच कळलं. मी सोफियाला जाऊन दहा खड्ड्यांवर भाषण दिलं होतं, लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि तुला मी काय सांगितलं? "शास्त्राप्रमाणे बरोबरच होतं, पावसानं घात केला." तू तीन वर्षं मालट्रक घेऊन रुमानियाच्या रस्त्यांवर फिरलास. झोप नाही, वेळेवर खाणं नाही, सिगरेटी. डॉक्टरांनी गिन्काला विचारलं की हृदयाचं दुखणं कधीपासून, तर ती म्हणाली, "ट्रकवर होते तेव्हापासून." ती हे मला अगदी सहज सांगत होती. मी तिच्यासमोर भांडी विसळत होते. 

म्हणून या खेपेला मी थांबले नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या अंगाला सात खड्डे घेतले. दोन, एक, शून्य, तीन, शून्य, एक, शून्य. तिसऱ्या दिवशी वर, पार वल्कोच्या बांधापर्यंत, बारा खड्डे. आठ रिकामे, तीनांत एकेक, एकात दोन. असे मिळून बावीस झाले. रात्री अंग मोडून यायचं आणि तरी मला वाटत राहायचं की मी चुकले आहे. खालच्या अंगाला मी मुद्दामच वाईट जागा निवडली का? वर मुद्दामच चांगली? मला वर अळी सापडू नये असं वाटत होतं म्हणून मी माती नीट फोडली नाही का? चौथ्या दिवशी मी पुन्हा गेले आणि गिन्काला म्हटलं, डोळे मिटून ही काठी फेक, जिथं पडेल तिथं खणू. तिनं फेकली. ती वल्कोच्या बदकाला लागता लागता राहिली. पण आकडे तसेच आले. वर काही नाही, खाली जमीन अळ्यांनी भरलेली. मी रोपंही मोजली. खाली दहातली सहा गेली होती आणि उरलेली जात होती. मधे आणि वर शंभरात तीन-चारांना कुरतडल्याच्या खुणा, बाकी फुटवे धरून उभी.

आता काय करायचं? तुला फोन करायचा म्हणजे तुझ्या छातीवर दगड ठेवायचा. न करायचा म्हणजे दुसऱ्यांदा तुझ्या शेताचा निकाल मी लावायचा. तू येईपर्यंत थांबावं, तर हवामानखातं अजून दहा दिवस ऊबच सांगत होतं, आणि ऊब असेपर्यंत अळी एकेका रोपावरून पुढं सरकत राहणार. गिन्का स्वयंपाकघरात बसून होती, समोर चहा गार झालेला. ती म्हणाली, "ताई, तुम्ही सांगाल ते करू. पण पुन्हा नांगर म्हणालात तर मी त्यांना काय तोंड दाखवू?" साबरी दारात उभा होता, बूट चिखलाचे म्हणून आत येत नव्हता. तिथूनच म्हणाला, "गेल्या खेपेला नांगर मीच चालवला. तेव्हा मी विचारलं नव्हतं, मोठ्या बाईंचा शब्द म्हणून. या खेपेला विचारतो. पक्कं का?" मी म्हटलं, "वर गहू राहील हे पक्कं. खाली राहणार नाही हेही पक्कं. मी तेवढी पक्की नाही." साबरीनं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "चालेल. तुम्ही पक्क्या होतात तेव्हा काय झालं ते बघितलंय."

आम्ही तिघं बराच वेळ हसलो. मग गिन्का रडली.

हे पत्र घेऊन ती गुरुवारी येईल. पाकीट मी चिकटवलेलं नाही. आधी ती वाचेल, म्हणजे तिलाही ते "दहा"चं आत्ताच कळेल. मग ती डॉक्टरांना विचारेल आणि ते म्हणाले तर तुझ्या हातात देईल. ती वाचून माझ्याशी बोलायची थांबली तर मी समजेन. तिला मी इतकंच सांगितलं की रायचो येण्याच्या आत त्यानं हे वाचलेलं असलं पाहिजे.

कारण शुक्रवारी तुला घरी आणणारी गाडी पाणवठ्याच्या वळणावरून गावाकडे वळेल तेव्हा तुझं शेत समोर येईल, आणि खालचं अंग काळं दिसेल. काल आम्ही ते नांगरलं. साठ डेकार, ओघळीपासून जुन्या अक्रोडापर्यंत, त्याच्यावर एक सरीही जास्त नाही. त्याच्या वरच्या कडेला परवान्यावाल्या माणसाकडून पंचवीस डेकारांच्या पट्ट्यावर फवारणी करून घेतली आहे. वसंतात नांगरलेल्या जागी वाटाणा पेरता येईल, गहू नको. बाकीचे तीनशे चाळीस डेकार हिरवे आहेत, मी आज सकाळीही बघून आले. ती काळी पट्टी अचानक बघून तुला वाटू नये की सगळं पुन्हा तसंच झालं, एवढ्यासाठी हे सगळं लिहिलं. निर्णय माझा आहे. गिन्काचा नाही, साबरीचाही नाही. खड्डे मी बुजवलेले नाहीत. प्रत्येकाशी वेताची काठी रोवून वर चिंधी बांधली आहे, कुणालाही घेऊन जाऊन बघून घे, पण तू स्वतः चढावर जायचं नाहीस, निदान महिनाभर. मी चुकले असेन तर जूनमध्ये कळेल, आणि या खेपेला मी पावसाचं नाव घेणार नाही. शुक्रवारी मी तुमच्याकडे येणार नाही. घरीच असेन, फोनजवळ. रागावायचं असेल तर फोन करून रागाव, फक्त बसून, आणि हळू आवाजात.

तुझीच,
नेद्याल्का